अम्माचा वाटा

विजयेंद्रनं सहनाला काही विचारलंच नाही. ती बेकरीची पायरी चढेपर्यंत त्यानं दिलपसंदचे दोन तुकडे कागदावर ठेवले, शेजारी बेण्णे, म्हणजे लोण्याची, बिस्किटं ठेवली आणि पुड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता कानडीत म्हणाला, "अम्मांचं पथ्य सुटलेलं दिसतंय, मॅडम. बरं झालं. म्हाताऱ्या माणसाला किती वर्षं टोस्टवर ठेवायचं?" सहना म्हणाली, "हो. सुटलं." "तब्येत कशी आहे?" "बरी आहे." मग त्यानं काचेच्या कपाटातून खोबऱ्याच्या बर्फीचा एक चौकोन काढला, वेगळ्या कागदात गुंडाळला आणि पुड्यावर ठेवला. "हे माझ्याकडून. सांगा त्यांना, विजयेंद्रनं दिलंय म्हणून. इथे राहायला होत्या तेव्हा रोज येऊन रागवायच्या मला. लोणी खातोस सगळं, बिस्किटात घालत नाहीस, म्हणायच्या." तो हसला. सहनाही हसली आणि पायरी उतरली.

चार वाजले होते. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात दसऱ्याच्या दिव्यांच्या माळा खांबांवर चढत होत्या, शिडीवरचा माणूस खालच्या माणसावर ओरडत होता, आणि सहना हातातला पुडा छातीशी धरून बसस्टँडकडे चालत होती. अम्माला जाऊन आठ महिने झाले होते. जानेवारीत गेली, संक्रांतीनंतर नवव्या दिवशी, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. हे विजयेंद्रला कळायला काही मार्ग नव्हता. मायलेकी मंडी मोहल्ला सोडून हूटगळ्ळीच्या नव्या घरात गेल्या त्याला सहा वर्षं झाली. पण सहनाचं क्लिनिक इथेच, त्यामुळे तिचं येणं चालू राहिलं आणि जाताना अम्मासाठी बिनसाखरेचे टोस्ट नेणंही. जानेवारीनंतर टोस्ट बंद झाले, काही आठवड्यांनी दिलपसंद सुरू झालं. दुकानदारानं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. त्यात त्याची काही चूक नव्हती. सहनाला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ‘बरी आहे’ म्हणताना तिची जीभ अडखळली नव्हती. उलट त्या दोन शब्दांनंतर क्षणभर फार बरं वाटलं होतं, जणू खरंच हूटगळ्ळीच्या घरी टीव्हीचा आवाज मोठा करून अम्मा बसली आहे, आणि दार उघडल्याबरोबर विचारणार आहे, "काय आणलंस? दाखव, दाखव, लपवू नको."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. या प्रवासाचं एक वेळापत्रक ठरून गेलं होतं. बस स्टँडातून बाहेर पडली की दोरा सुटायचा. दिलपसंदचा पहिला तुकडा, वरचं खुसखुशीत आणि आतलं गोड खोबरं, एकदोन सिग्नलांत संपायचा. दुसरा हिनकलच्या पुलापर्यंत. बिस्किटं घराच्या स्टॉपपर्यंत. उतरल्यावर कागद आणि दोरा कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात, ओढणीवरचा चुरा झटकून टाकायचा, आणि मग गल्लीत वळायचं. घरात पुडा कधी जात नसे. घरात सगळं शहाण्यासारखं होतं: मोड आलेली मटकी, काकड्या, गॅसजवळ टांगलेली वही. आज मात्र पुड्यावर ती बर्फी होती. तिला मालक होता. निरोपासकट दिली होती ती. सहनानं ठरवलं की बाकी काय व्हायचं ते होवो, बर्फीला हात लावायचा नाही. तिनं ती पिशवीच्या आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आणि चेन ओढली. मग नेहमीप्रमाणे दिलपसंद खाल्लं. मग बिस्किटं, आज जरा घाईघाईनं. पुलावर बस तुंबली. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी सुनेबद्दल सांगत होती. सहनाचा हात पिशवीत गेला, चेन उघडली, कागद सोडवला. हे सगळं होताना तिला दिसत होतं, काचेपलीकडच्या माणसाचं पाहावं तसं. बर्फी तोंडात विरघळली तेव्हा तिला कळलं की चव लागत नाहीये. गोड आहे एवढं कळत होतं, जसं अक्षर वाचता येतं पण भाषा येत नाही. विजयेंद्रनं दिलंय म्हणून सांगा. निरोपही तिच्याच पोटात गेला.

चार वर्षं तिनं अम्माला सांभाळलं होतं, आणि सांभाळणं म्हणजे मुख्यतः ‘नाही’ म्हणणं. साखरेनं अम्माच्या डाव्या पायाचं एक बोट नेलं तेव्हापासून सहनानं स्वयंपाकघर हातात घेतलं. गूळ, साखर, मध, सगळं कुलपात. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत. अम्मा, म्हणजे भवानीबाई, मोठी हुशार बाई. कुलूप लागलं तशी तिनं गुळाचे खडे तांदळाच्या डब्यात तळाशी पुरले. ते सापडले तेव्हा पप्पांच्या जुन्या कोटाच्या खिशात. पप्पा, म्हणजे मानाजीराव, जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि कोट कपाटात नुसता लटकत होता. एके दिवशी त्याच्या खांद्यावरून मुंग्यांची रांग उतरताना दिसली. "पप्पा आणतात गं माझ्यासाठी," अम्मा म्हणाली, डोळासुद्धा न लववता. सहनाला हसू आलं होतं. ती हसली नाही. हसलं तर कडक राहता येणार नाही, असं तेव्हा वाटायचं. दसऱ्याचे हत्ती जंगलातून हुणसूरच्या रस्त्यानं शहरात आले की त्यांना काट्यावर उभं करून वजन करतात आणि ते पेपरात छापतात. अम्मा ते रोज मोठ्यानं वाचून दाखवायची. "बघ, दोन आठवड्यांत शंभर किलो वाढला म्हणून कौतुक चाललंय. तूप घालतात त्यांना, मुगाचे गोळे घालतात. पुढच्या जन्मी हत्ती होते मी. तू माहूत हो. नको, तू नको, तू त्यालापण काकडी देशील." 

आणि मग ती शेवटची संक्रांत. पलीकडच्या गल्लीतल्या सौम्यानं तीळगुळाची पुडी दिली आणि सोबत साच्यात पाडलेले साखरेचे आकार, इकडे मुली घरोघर वाटतात तसे: एक देऊळ, एक कमळ, एक पोपट. पांढरे, जवळजवळ पारदर्शक. अम्मानं पोपट हातात घेतला, उजेडात धरून पाहिला. "शेपटी तेवढी मोडून दे. टोक तेवढं." सहना म्हणाली, "नाही अम्मा." "नखाएवढं गं." "सकाळी दोनशे ऐंशी होती. नाही." अम्मानं पोपट तिच्या हातात परत ठेवला. भांडली नाही. नेहमी भांडायची, त्या दिवशी नाही, आणि सहनाला त्याचं बरंच वाटलं, सुधारली म्हणून. सगळे आकार एका डब्यात घालून डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला. नऊ दिवसांनी अम्मा गेली. डॉक्टर म्हणाले हृदय, अचानक. शेपटी दिली असती तरी आणि न दिली तरी तेच झालं असतं. सहनालाही ते पटत होतं. ती शिकलेली बाई, रोज रात्री चार पानं वाचल्याशिवाय न झोपणारी. दुःखाबद्दल शहाण्या माणसांनी जे लिहिलंय त्यातलं बरंच तिनं वाचलेलं होतं, आणि त्यातल्या कुणी वरच्या फळीवरच्या डब्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तेरावा झाला, अण्णा, तिचा थोरला भाऊ शरत, बेंगळुरूला परत गेला, पाहुणे गेले. दुपारी चार वाजता तिनं स्टुलावर चढून डबा काढला आणि स्टुलावरूनच, उभ्यानं, पोपट खाल्ला. आधी शेपटी. मग सगळा. मग कमळ, मग देऊळ. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता क्लिनिकमधून बाहेर पडताना पोटात कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

जूनपर्यंत अकरा किलो वाढले. कपडे शिंप्याकडे जाऊन आले. मग रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक तीन. "काठावर आहात," डॉक्टर म्हणाले, "अजून अलीकडच्या बाजूला. वजन उतरवलंत तर इथूनच परत फिरता येईल." घरी येऊन तिनं अम्माची फाइल काढली. बारा वर्षांपूर्वीचा पहिला कागद, पिवळा पडलेला. सहा पूर्णांक चार. त्या खालोखाल एकेक कागद, गोळ्या, इन्सुलिन, डोळे, मूत्रपिंड, बोट. पुढचा सगळा रस्ता तिला पाठ होता. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे संपतो.

प्रयत्न तिनं मनापासून केले, नाही असं नाही. शेजारच्या सिंधूनं स्वतः मागे चौदा किलो उतरवलं होतं. ती साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, आणि सहनाच्या मराठीवर तिचा फार जीव. "तुझं मराठी ऐकलं ना, की वाटतं कुणी फेटेवाला तलवार विसरून गेलाय," ती म्हणायची. सहनाच्या घरातलं मराठी खरंच मैसूरच्या राजाच्या घोडदळाबरोबर इकडे आलेलं आणि मग इथल्या कानडीत दोनशे वर्षं मुरलेलं होतं. दोघी सकाळी लेआउटला, म्हणजे कॉलनीला, तीन फेऱ्या मारत. सिंधूचे नियम थोडे होते. काहीही खा, पण ताटलीत घेऊन, बसून. उभ्यानं नाही, चालत नाही, बसमध्ये तर मुळीच नाही. आणि खाण्याआधी वहीत लिही, भूक आहे का, की दुसरं काही आहे. "दुसरं काही म्हणजे?" "ते मी कसं सांगू? माझं होतं सासूबाई. त्यांचा फोन आला की मी फरसाण खायची." सहना हसली, वही केली, गॅसजवळ टांगली. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं प्रामाणिकपणे लिहिलं. चार ते पाच ही जागा रोज कोरी राहिली, कारण त्या वेळी वही हूटगळ्ळीत असायची आणि ती बसमध्ये.

तिच्या कामात नसलेली हाक ऐकणारी माणसं रोज भेटतात. सहना कान तपासते. आवाज न शिरणाऱ्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण; काचेच्या अलीकडून ती यंत्रातून आवाज सोडते, हळू, मग आणखी हळू, आणि ऐकू आला की समोरच्यानं बटण दाबायचं. काही जण आवाज नसतानाही दाबतात. खोटेपणानं नव्हे, वाट पाहून पाहून त्यांना ऐकू येतं. विशेषतः ज्यांना भीती असते की आपल्या हातून काहीतरी सुटेल. अशा वेळी ती यंत्राला हात लावत नाही. थांबते. काचेतून त्या बोटाकडे बघत राहते. बोट दोनदा, तीनदा दाबतं, मग हळूहळू निवतं. त्या गुरुवारी, पुलावर तुंबलेल्या बसमध्ये, हातात बर्फीचा रिकामा कागद घेऊन सहनाला स्वतःचं बोट दिसलं. आठ महिने, रोज चार वाजता. हाक कुणी मारत नव्हतं. आणि ती जे खात होती त्यातलं काही तिला स्वतःला कधी आवडलेलंच नव्हतं. दिलपसंद अम्माचं. बेण्णे बिस्किट अम्माचं. सहनाला लहानपणापासून तिखट आवडायचं, कैरीवर मीठ-मिरची घालून खाणारी मुलगी ती. जे जे नाही म्हटलं होतं ते ती एकेक करून आणत होती आणि अम्माचा वाटा स्वतःच्या तोंडात घालत होती, आणि अम्मापर्यंत पोचत नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी परत.

कळलं म्हणून सुटतं असं काही नसतं. शुक्रवारी ती बेकरीच्या गल्लीनं गेली नाही, लांबून गेली, तर स्टँडावरच्या दुकानातून गोड बनचं पाकीट घेतलं. पण त्याआधी, गुरुवारी संध्याकाळीच, हुणसूरहून चिक्कम्माचा फोन आला होता. चिक्कम्मा म्हणजे अम्माची धाकटी बहीण, पंच्याहत्तरीला टेकलेली, फोनवर बोलताना दुसऱ्या गावापर्यंत आवाज जायला हवा अशी समजूत असलेली. "काय गं, रविवारी अमावास्या. एडे ठेवतेस की नाही?" पितृपक्षाच्या अमावास्येला गेलेल्या माणसांसाठी पान वाढायचं, त्याला इकडे एडे म्हणतात. त्यांना जे जे आवडायचं ते सगळं केळीच्या पानावर, शेजारी नवं लुगडं-धोतर, दिवा लावायचा, आणि दार ओढून घेऊन सगळ्यांनी बाहेर थांबायचं. तेवढ्या वेळात ते येऊन जेवून जातात. सहना म्हणाली, "वर्ष झालं नाही अजून, चिक्कम्मा. वर्षाच्या आत ठेवत नाहीत म्हणतात." "कोण म्हणतं? म्हणणाऱ्याला सुम्मने, गप बस म्हणावं. वर्ष झालं नाही म्हणून उपाशी ठेवणार अक्काला? आधीच चार वर्षं—" चिक्कम्मानं ते तिथेच सोडलं. "मी शनिवारच्या बसनं येते," ती म्हणाली. "केळीची पानं आणते. शरतला सांग."

रविवारी सकाळी सातला चिक्कम्मानं पदर खोचला आणि सांगून टाकलं की पान ठेवून दार उघडेपर्यंत घरात कुणी काही तोंडात घालायचं नाही, रांधणाऱ्यानं तर चवसुद्धा बघायची नाही. सहनाला हा नियम माहीत होता, पण आजवर रांधणारी अम्मा असायची. आता ओट्याशी ती उभी राहिली आणि तासाभरात तिच्या लक्षात आलं की हात तोंडाकडे किती वेळा जातो. उडदाचा वडा तळून निघाला, हात गेला. खोबरं खवलं, हात गेला. चिक्कम्मानं मनगटावर चापट मारली. "एंजल होतं कणे, उष्टं! उष्टं घालणार अक्काला?" "सवय झालीय, चिक्कम्मा." "दिसतंय. हत्तीचं पथक आमच्याच रस्त्यानं आलं ना गं, त्यात तू कशी नव्हतीस?" अण्णा दारातून म्हणाला, "पेपरात वजन येईल उद्या." सहनानं त्याच्यावर झारा उगारला. खूप दिवसांनी कुणीतरी तिच्या वजनावर तिच्यासमोर हसलं होतं, आणि ती मेली नाही.

दहाच्या सुमारास मात्र वेगळंच आलं. कुलपाचं कपाट, जे आता कधीच कुलपात नसे, त्यातून तिनं गुळाचा डबा काढला, झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि पोटातून ती ओळखीची हाक वर आली, चार वाजल्यासारखी, घशापर्यंत. समोर वड्यांची परात होती. सहना स्टूल ओढून बसली. काही करता येत नव्हतं, चिक्कम्मा समोर होती, नियम होता; एवढ्याच कारणानं ती बसून राहिली, त्यात मनाचा निर्धार वगैरे काही नव्हता. आणि बसल्यामुळे तिला ते आतून बघायला मिळालं. ती भूक नव्हती. त्यात पोट कुठेच नव्हतं, सगळं छातीत होतं. ते चढलं, वर जाऊन थांबलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि बाहेर कुणीतरी मिक्सर लावला, आणि अण्णाची नऊ वर्षांची अन्विता विचारायला आली की अज्जीला मॅगी आवडायची का, कारण आपल्याला आवडते. "नाही गं." "मग ठेवायची नाही?" "नाही." ती गेली तेव्हा सहनाच्या लक्षात आलं की ते उतरलं आहे. त्याला काही न देता उतरलं होतं. असं होतं हे तिला आठ महिन्यांत कधी कळलं नव्हतं, कारण ती नेहमीच देऊन टाकायची.

एक वाजता दोन पानं वाढून झाली. पप्पांच्या पानावर मटणाचं सारू, म्हणजे रस्सा, भात, वडे, शेजारी विड्यांचा कट्टा. अम्माच्या पानावर वडे, कोसंबरी, चित्रान्न, आणि वाटीत गसगसे पायस, खसखस आणि खोबरं वाटून केलेली खीर, जिच्यासाठी ती कुणाच्याही लग्नाला जायची. सहनानं ते शेवटी, घाईत केलं होतं. अण्णा विचारत होता लुगडं कुठलं ठेवायचं, चिक्कम्मा वात शोधत होती, आणि हात आपापलं काम करत होते. दिवा लागला. नमस्कार झाले. दार ओढून सगळे बाहेर ओसरीसारख्या अरुंद जागेत उभे राहिले. अन्विता कुजबुजली, "अत्ते, अज्जी आत जेवतेय? आत्ता? स्पूननं?" "हातानं," सहना म्हणाली. "हळू बोल." दहा मिनिटांनी चिक्कम्मानं दारावर दोनदा टकटक केली, आत जाणाऱ्याला संकोच नको म्हणून जणू, आणि दार उघडलं. पानं तशीच होती. चिक्कम्मानं प्रसाद म्हणून पातेल्यातलं चमचाभर पायस आधी स्वतःच्या तोंडात घातलं.

ती चघळत राहिली. खिरीत चघळण्यासारखं काही नसतं. मग तिनं सहनाकडे पाहिलं. "यात काय घातलंस?" "का?" "गोड आहे. पण गुळाचं नाही. मागून कडू येतंय." सहना ओट्याकडे गेली. गूळ चिरलेला होता, ताटलीत, जसाच्या तसा. त्याच्या शेजारी अम्माच्या बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची पांढरी डबी, उघडी. चार वर्षं पायसात ती दोन गोळ्या चुरून टाकत आली होती. आज हातांनी कपाटातून तीच काढली होती. तिनं डबी उचलून दाखवली. चिक्कम्मानं डबीकडे पाहिलं, खोलीतल्या पानाकडे पाहिलं. "अय्यो देवरे," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा गोळी घातलीस अक्काला!"

पहिल्यांदा अण्णा हसला. त्यानं तोंडावर हात धरला पण खांदे हलायला लागले. मग चिक्कम्मा, पदरात तोंड घालून, "अक्का बसली असेल पानावर… वाटी तोंडाला लावली असेल… म्हणाली असेल, ही पोरगी! इथेसुद्धा!" आणि सहना हसायला लागली, आणि हसता हसता ते केव्हा बदललं तिला कळलं नाही, ती ओट्याला टेकून जोरात रडत होती, तेराव्यालाही न रडलेली बाई, आणि चिक्कम्मा तिच्या पाठीवर थापा मारत होती. "शेपटी मागितली होती तिनं," सहना म्हणाली, "नखाएवढी, मी दिली नाही." कुणाला काही कळलं नाही. चिक्कम्मानं विचारलंही नाही. "तू दिलं नाहीस म्हणून चार वर्षं जगली गं ती," एवढंच म्हणाली. "नाहीतर माझी अक्का काय, गुळाच्या ढेपेवर बसून केव्हाच गेली असती. मला फोन करून सांगायची, पोरगी फार दुष्ट आहे, तुला नाही अशी. जळवायला सांगायची मला." 

मग सहनानं तोंड धुतलं आणि गूळ पातेल्यात घातला. दुसरं पातेलं, नवीन वाटण. गूळ विरघळला तसा घरभर वास झाला. चव तिनं आत्ताही बघितली नाही. नियम आता संपला होता, कुणी अडवत नव्हतं. डावावर चिकटलेलं तिनं पाण्याखाली धरलं. वाटी भरून ती खोलीत गेली आणि दार आतून ओढून घेतलं, जे करत नाहीत. जुनी वाटी काढली, नवी ठेवली. पानासमोर मांडी घालून बसली. बोलण्यासारखं बरंच काही असेल असं तिला वाटलं होतं, पण तिथे नुसतं पान होतं, वाफ निघत होती, आणि लुगड्यावर दिव्याचा उजेड होता. "भरपूर आहे," ती म्हणाली. "सावकाश." एवढं म्हणून ती उठली. बाहेर येऊन दार ओढलं आणि ती परत आत शिरली नाही, डोकावली नाही. अम्माचं अम्मानं बघावं.

अडीच वाजता सगळे जेवायला बसले, जमिनीवर, पानं मांडून. चिक्कम्मा वाढत होती. पायस इकडे आधी वाढतात. डाव सहनाच्या पानावर आला, आणि मागून दुसरा येऊ लागला तसा तिनं हात आडवा धरला. "साकु, चिक्कम्मा." "एवढंसं?" "एवढं माझं." चिक्कम्मानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि डाव अन्विताकडे वळवला. सहनाला भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पोट खाली, जिथे असायचं तिथे, रिकामं होतं. पायस गोड लागलं, बरं लागलं, संपलं. मग भात आला, भातावर तिनंच सकाळी चव न बघता केलेलं सारू. तिनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. समोर अण्णा मान खाली घालून गंभीरपणे जेवत होता. अन्विता पाण्याचा घोट घेत होती. चिक्कम्मासुद्धा गप्प होती, जे तिच्या बाबतीत सहसा घडत नाही. सगळेजण तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते. सहनानं तिसरा घास तोंडात ठेवला, जिभेवर फिरवला आणि थांबली.

"यात मीठच नाही," ती म्हणाली. "अळणी झालंय सगळं. कुणीतरी मीठ द्या मला."